‘आपण’ आणि ‘आम्ही’ : अमेरिकी ‘लेट नाइट’ विनोद कुणाच्या बाजूचा?

इंग्रजीतलं ‘वी’ हे सर्वनाम दिसायला साधं असलं तरी मराठी अनुवादकाला ते वारंवार अडवतं. मराठीत त्याचे दोन वाटे होतात : समोरच्याला पोटात घेणारं ‘आपण’ आणि समोरच्याला बाहेर ठेवणारं ‘आम्ही’. गुजरातीत ‘आपणे’ आणि ‘अमे’, तमिळमध्ये ‘नाम्’ आणि ‘नांगळ्’, तेलुगूत ‘मनम्’ आणि ‘मेमु’ असा हाच भेद आहे. हिंदीला मात्र एकाच ‘हम’वर भागवावं लागतं, आणि इंग्रजीला एकाच ‘वी’वर. अमेरिकी टीव्हीवरच्या रात्री उशिराच्या विनोदी कार्यक्रमांची सुरुवातीची भाषणं मराठीत आणून पाहताना मला सगळ्यात जास्त थांबावं लागलं ते या ‘वी’पाशी. ‘आपला अध्यक्ष’ म्हणायचं की ‘आमचा’? सूत्रसंचालक कुणाबरोबर हसतो आहे आणि कुणाला वगळून?

हे कार्यक्रम पक्षपाती आहेत का, हा अमेरिकेत सतत विचारला जाणारा प्रश्न आहे आणि २०२५ साली तो सरकारी दरबारात जाऊन पोहोचला. उजवीकडचे म्हणतात, सगळे सूत्रसंचालक डेमोक्रॅटिक पक्षाचे प्रचारक झाले आहेत. डावीकडचे म्हणतात, सत्तेवर हसणं हेच विनोदाचं काम. मला दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. या कार्यक्रमांचा सत्तर वर्षांचा इतिहास पाहिला, तर तो बराचसा त्या सर्वनामाचा इतिहास आहे. ‘आपण’ कसं घडलं, त्यात कोण बसत नव्हतं, आणि ते फुटल्यावर काय झालं, याचा.

साचा ठरलेला आहे. स्थानिक बातम्या संपल्या की साडेअकराच्या सुमाराला सुटातला एक माणूस पडद्यापुढे येतो, दिवसभराच्या घडामोडींवर काही मिनिटं उभ्याने बोलतो, मग टेबलामागे बसून पाहुण्यांशी गप्पा मारतो. ‘द टुनाइट शो’ एनबीसीवर सप्टेंबर १९५४मध्ये सुरू झाला तो स्टीव्ह ॲलनला घेऊन. त्याच्यानंतर जॅक पार आला, आणि ऑक्टोबर १९६२ ते मे १९९२ अशी जवळजवळ तीस वर्षं जॉनी कार्सन. आज ‘पूर्वी असं नव्हतं’ असं कुणी म्हणतं, तेव्हा ते पूर्वी म्हणजे कार्सन. तो दोन्ही पक्षांना चिमटे काढायचा आणि स्वतः कुठे मत देतो ते कळू द्यायचा नाही. मनोरंजन करणाऱ्याने आपला कार्यक्रम गंभीर प्रश्नांवर मतं मांडायला वापरू नये, ही त्याची भूमिका त्याने मुलाखतींतही मांडली होती.

या तटस्थतेत कार्सनचा स्वभाव होताच, पण तिच्याखाली पक्का व्यवहारही होता. देशात तीनच मोठी नेटवर्क्स होती : एनबीसी, सीबीएस आणि एबीसी. जाहिरातदाराला मिसिसिपीतला शेतकरी आणि मॅनहॅटनमधला वकील, दोघंही एकाच वेळी हवे होते. त्यातल्या कुणालाही दुखावणं म्हणजे धंद्याला खोट. शिवाय, नेटवर्कचा कार्यक्रम गावोगावच्या ज्या केंद्रांमार्फत घरात पोहोचतो, त्यांपैकी बहुतेकांचे मालक वेगळे असतात आणि त्यांना सरकारी परवाना लागतो. तो देणारी संस्था म्हणजे फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन, एफसीसी. ही रचना लक्षात ठेवायला हवी, कारण २०२५ची गोष्ट तिच्याशिवाय कळत नाही.

कायद्याचीही दोन बंधनं होती. १९३४च्या दळणवळण कायद्यानुसार एखाद्या केंद्राने एका उमेदवाराला वेळ दिला, तर त्याच्या प्रतिस्पर्ध्यांनाही तशीच संधी देणं भाग होतं. १९५९मध्ये बातम्या आणि वृत्तमुलाखतींना यातून सूट मिळाली. दुसरं बंधन १९४९पासूनच्या ‘फेअरनेस डॉक्ट्रिन’चं : वादग्रस्त सार्वजनिक प्रश्न हाताळताना विरोधी मतांनाही जागा द्यायची. विनोद मोजून समान वाटा, असं यातला कुठलाच नियम सांगत नव्हता. पण परवान्याची टांगती तलवार असली की वकील सावध होतात आणि त्यांच्यामागोमाग लेखकही.

हे ‘आपण’ किती मोठं होतं, याचा एक मासला पाहा. डिसेंबर १९७३मध्ये, तेलटंचाईच्या दिवसांत, काँग्रेसच्या एका सदस्याने कागदाच्या तुटवड्याबद्दल काळजी व्यक्त केली होती. कार्सनने त्यावरून टॉयलेट पेपर संपत आल्याचा विनोद केला. दुसऱ्या दिवशी लोक दुकानांवर तुटून पडले, रोल खरोखरच दिसेनासे झाले, आणि कार्सनला पडद्यावरून खुलासा करावा लागला. एवढे लोक ज्याचं एकदम ऐकतात, त्याला तटस्थ राहणं सोयीचंही असतं आणि शहाणपणाचंही.

पण त्या ‘आपण’मध्ये सगळे होते का? फेब्रुवारी १९६८मध्ये कार्सनच्या जागी एक आठवडा हॅरी बेलाफाँटे बसला. हा कृष्णवर्णीय गायक-अभिनेता नागरी हक्कांच्या चळवळीतला बिनीचा कार्यकर्ता होता. त्या आठवड्यात पाहुणे म्हणून रॉबर्ट केनेडी आले, मार्टिन ल्यूथर किंग आले. पाच रात्रींच्या पाहुण्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते, आणि हे त्या खुर्चीसमोर आधी कधी घडलं नव्हतं. एप्रिलमध्ये किंग यांची हत्या झाली, जूनमध्ये केनेडींची. त्या आठवड्याचं बरंचसं चित्रीकरण आज उपलब्ध नाही. मोठ्या नेटवर्कवर रात्रीचा कार्यक्रम एका स्त्रीने चालवायला १९८६ उजाडलं. त्या वर्षी नव्या फॉक्स नेटवर्कवर जोन रिव्हर्स आली आणि काही महिन्यांतच गेली. आर्सेनिओ हॉल १९८९मध्ये आला. म्हणजे ज्या काळाला आपण निष्पक्ष म्हणतो, त्यात एक पक्ष इतका पक्का बसलेला होता की तो पक्ष वाटतच नव्हता. तिथला ‘वी’ ‘आपण’सारखा उच्चारला जायचा, बाहेरच्याला तो ‘आम्ही’ ऐकू यायचा.

उघड राजकीय विनोद तेव्हाही होता आणि त्याची किंमतही ठरलेली होती. सीबीएसवर रविवारी संध्याकाळी लागणारा ‘स्मदर्स ब्रदर्स कॉमेडी अवर’ हा काही लेट नाइट कार्यक्रम नव्हता, पण त्याची कथा पुढच्या प्रत्येक प्रकरणाची नांदी आहे. १९६७च्या सप्टेंबरमध्ये लोकगायक पीट सीगरने तिथे गायलेलं व्हिएतनाम युद्धाकडे रोख असलेलं गाणं नेटवर्कने कापलं. गाजावाजा झाल्यावर फेब्रुवारी १९६८मध्ये तेच गाणं त्याला गाऊ दिलं. पण एप्रिल १९६९मध्ये सीबीएसने कार्यक्रमच बंद केला. भाऊ कोर्टात गेले आणि १९७३मध्ये करारभंगाचा खटला जिंकले. नुकसानभरपाई मिळाली, प्रेक्षक मिळाला नाही.

राजकारणी मात्र या माध्यमाचा उपयोग लवकर शिकले. सप्टेंबर १९६८मध्ये रिचर्ड निक्सन ‘लाफ-इन’ या गाजणाऱ्या विनोदी कार्यक्रमात काही सेकंद झळकले आणि त्यांनी त्या कार्यक्रमाचं पालुपद प्रश्नार्थक सुरात म्हणून दाखवलं. त्या कार्यक्रमाचा एक प्रमुख लेखक पॉल कीझ त्यांचा मित्र होता. प्रतिस्पर्धी ह्यूबर्ट हम्फ्री यांनाही बोलावणं गेलं होतं. ते गेले नाहीत. निक्सन निसटत्या मताधिक्याने निवडून आले. त्या काही सेकंदांमुळे आले असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण रुक्ष समजल्या जाणाऱ्या माणसाला विनोदाच्या मंचावर एक मित्र मिळाला, हा पक्षपातच होता. तो रिपब्लिकन बाजूचा होता इतकंच.

१९७५मध्ये ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’ आला. चेव्ही चेस अध्यक्ष जेराल्ड फोर्ड म्हणून उभा राहायचा आणि धडपडायचा. आवाजाची नक्कल नाही, मेकअप नाही, नुसतं पडणं. फोर्ड प्रत्यक्षात मिशिगन विद्यापीठाचे नावाजलेले फुटबॉलपटू होते, पण देशाच्या डोक्यात वेंधळे फोर्ड बसले ते बसलेच. एप्रिल १९७६मध्ये फोर्ड यांचे माध्यम सचिव रॉन नेसन यांनी स्वतः तो कार्यक्रम सादर केला आणि फोर्डही आधी चित्रित केलेल्या छोट्या तुकड्यांत दिसले. त्या वर्षी ते हरले. पडण्याच्या विनोदात धोरणाचा एक शब्दही नसतो, त्यामुळे तो पक्षातीत वाटतो. पण आपला कल डेमोक्रॅटिक होता आणि जिमी कार्टर यावेत असं वाटत होतं, हे चेसने पुढे मोकळेपणी सांगितलं. पक्षपात नेहमी भाषणाच्या रूपात येत नाही. कधी तो जिन्यावरून घसरत येतो.

मग ‘आपण’ फुटलं, आणि ते विनोदवीरांनी फोडलं नाही. केबलने शेकडो वाहिन्या आणल्या. १९८७मध्ये रेगन यांच्या काळातल्या एफसीसीने ‘फेअरनेस डॉक्ट्रिन’ रद्द केलं. पुढच्याच वर्षी रश लिंबॉ याचा कडवा उजवा रेडिओ कार्यक्रम देशभर ऐकू येऊ लागला. १९९६च्या जुलैमध्ये केबलवर ‘द डेली शो’ सुरू झाला आणि ऑक्टोबरमध्ये फॉक्स न्यूज. एकाच वर्षात जन्मलेली ही दोन भावंडं एकमेकांवरच पोसली गेली. जॉन स्टुअर्ट १९९९मध्ये ‘द डेली शो’वर आला, तेव्हा त्याला देशातला प्रत्येक माणूस नको होता. काही लाख निष्ठावान, तरुण, बातम्या पाहून वैतागलेले प्रेक्षक त्याला पुरेसे होते. कार्सनला जे परवडत नव्हतं, तेच स्टुअर्टचं भांडवल झालं.

स्टीफन कोल्बेअरने तर २००५पासून नऊ वर्षं एका कट्टर उजव्या वृत्तनिवेदकाचं सोंग घेतलं. त्या सोंगावर २००९मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी केलेला अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. उदारमतवादी आणि पुराणमतवादी अशा दोन्ही प्रेक्षकांना कोल्बेअर सारखाच गमतीदार वाटत होता. पण पुराणमतवादी प्रेक्षकांचा कल असा होता की हा माणूस विनोदाचं नुसतं निमित्त करतो आहे. बोलतो ते त्याचं खरंच मत आहे. एकच वाक्य, एकच आवाज, आणि दोन खोल्यांत दोन वेगळे अर्थ. अनुवादकाला हे नवं नाही. उपरोध शब्दांत नसतो, बोलणारा आणि ऐकणारा यांच्यातल्या करारात असतो. करार नसेल तर शब्द जसेच्या तसे पलीकडे पोहोचतात आणि अर्थ मात्र अलीकडेच राहतो.

पक्षपात मोजायचा प्रयत्नही झाला आहे. जॉर्ज मेसन विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एका केंद्राने वर्षानुवर्षं लेट नाइट विनोद मोजले. जे लेनोच्या १९९२ ते २०१४ या कारकिर्दीत सगळ्यात जास्त, साडेचार हजारांहून अधिक विनोद झाले ते बिल क्लिंटन या डेमोक्रॅट अध्यक्षावर, जॉर्ज डब्ल्यू. बुश दुसऱ्या क्रमांकावर. पण याच केंद्राने २०२०च्या निवडणुकीआधीचा एक महिना मोजला, तेव्हा कोल्बेअर आणि जिमी फॅलन या दोघांनी मिळून ट्रम्प यांच्यावर ४५५ विनोद केले होते आणि बायडन यांच्यावर १४. सत्तेत असणाऱ्यावर जास्त हसलं जातं, हे खरं. ट्रम्प यांच्याइतका कच्चा माल रोज कुणी पुरवत नाही, हेही खरं. पण ४५५ला १४ हे प्रमाण नुसत्या कच्च्या मालाने येत नाही. कल आहे आणि तो स्पष्ट आहे. तो नाकारणाऱ्यांनी निदान आकड्यांशी तरी प्रामाणिक राहावं.

मात्र हा कल केवळ लेखकांच्या मतांतून आलेला नाही. सप्टेंबर २०१६मध्ये उमेदवार ट्रम्प फॅलनच्या कार्यक्रमात आले आणि फॅलनने त्यांचे केस विस्कटले. हा कार्सनच्या वळणाचा, सगळ्यांना चालेल असा खेळकरपणा. पण काळ कार्सनचा नव्हता. फॅलनवर टीकेची झोड उठली. पुढच्या काही महिन्यांत, सोंग उतरवून सीबीएसवर ‘लेट शो’ करू लागलेल्या आणि ट्रम्प यांच्यावर तुटून पडणाऱ्या कोल्बेअरने प्रेक्षकसंख्येत त्याला मागे टाकलं. बाजारानेच निकाल दिला होता : आता ‘आपण’ विकलं जात नाही, ‘आम्ही’ विकलं जातं.

उजवीकडेही हेच घडलं, उशिरा. फॉक्स न्यूजने २००७मध्ये ‘द हाफ अवर न्यूज अवर’ नावाचा उपहासात्मक कार्यक्रम काढला. तो त्याच वर्षी बंद पडला. उजव्यांना विनोद जमत नाही, असा निष्कर्ष तेव्हा अनेकांनी घाईने काढला. एप्रिल २०२१पासून ग्रेग गटफेल्डचा कार्यक्रम रोज रात्री लागू लागला आणि २०२५मध्ये त्याचा सरासरी प्रेक्षक तीस लाखांच्या आसपास, कोल्बेअरपेक्षा जास्त होता. तुलना अगदी समान नाही, कारण तो पूर्व किनाऱ्यावर दहालाच लागतो. तरी निष्कर्ष टळत नाही. गटफेल्डलाही प्रत्येक माणूस नको आहे. आणि फॉक्स न्यूज केबलवर असल्यामुळे परवान्याची ती तलवार त्याच्या डोक्यावर नाही.

ती तलवार किती धारदार आहे, हे त्याआधीही दिसलं होतं. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर काही दिवसांतच एबीसीवरच्या ‘पॉलिटिकली इनकरेक्ट’मध्ये बिल माहरने हल्लेखोरांना भेकड म्हणण्यावर आक्षेप घेतला. जाहिरातदार निघून गेले, काही स्थानिक केंद्रांनी कार्यक्रम दाखवणं थांबवलं, व्हाइट हाउसच्या प्रवक्त्याने लोकांनी जपून बोलावं असं सुनावलं. २००२मध्ये कार्यक्रम बंद झाला. पुढच्या जानेवारीत एबीसीच्या रात्रीच्या त्याच पट्ट्यात एक नवा चेहरा आला : जिमी किमेल.

२०२५चा उन्हाळा या पार्श्वभूमीवर वाचायला हवा. जुलैच्या सुरुवातीला सीबीएसची मालक कंपनी पॅरामाउंट हिने ट्रम्प यांच्याशी एका दाव्यात १ कोटी ६० लाख डॉलरची तडजोड केली. तिच्या विलीनीकरणाला तेव्हा एफसीसीची मंजुरी हवी होती. १४ जुलैला कोल्बेअरने पडद्यावरून या तडजोडीला लाच म्हटलं. १७ जुलैला ‘लेट शो’ मे २०२६मध्ये बंद होणार असं जाहीर झालं. २४ जुलैला विलीनीकरण मंजूर झालं. कारण निव्वळ आर्थिक आहे, असं सीबीएसने सांगितलं, आणि आर्थिक कारण खोटं म्हणता येत नाही. २०१८ ते २०२४ या काळात लेट नाइट कार्यक्रमांचं जाहिरात उत्पन्न सुमारे ४४ कोटी डॉलरवरून निम्म्यावर आलं होतं. पण तारखांचा हा क्रम पाहून कुणाच्या मनात शंका आली, तर तिलाही खोटी म्हणता येत नाही.

किमेलच्या प्रकरणात आडपडदा कमी होता. १० सप्टेंबरला उजवे कार्यकर्ते चार्ली कर्क यांची हत्या झाली. १५ तारखेला किमेल अशा आशयाचं बोलला की मारेकरी आपल्यातला नाही हे दाखवण्यासाठी ट्रम्पसमर्थकांची धडपड चालली आहे. त्यातून जे सूचित होत होतं, त्याला दुसऱ्या दिवशी पुढे आलेल्या आरोपांच्या तपशिलांचा आधार नव्हता. ही चूक गंभीर होती आणि ती नेमकी सर्वनामाची चूक होती : मारेकरी ‘त्यांचा’ आहे, ‘आमचा’ नाही, हे सिद्ध करण्याची घाई. दोन्ही बाजूंनी त्या आठवड्यात हीच घाई चालली होती. १७ तारखेला एफसीसीचे अध्यक्ष ब्रेंडन कार यांनी एका पॉडकास्टवर कारवाईचा उघड इशारा दिला. काही तासांत नेक्स्टार या केंद्रमालक कंपनीने किमेलचा कार्यक्रम दाखवणार नाही असं जाहीर केलं. तिलाही एका मोठ्या खरेदीसाठी एफसीसीची मंजुरी हवी होती. सिंक्लेअर तिच्यामागे गेली आणि एबीसीने कार्यक्रम अनिश्चित काळासाठी थांबवला.

सूत्रसंचालकाचा पक्षपात आणि परवाना देणाऱ्याचा पक्षपात यांना एकाच तराजूत घालता येत नाही, एवढंच मला या इतिहासातून म्हणायचं आहे. पहिल्यावर प्रेक्षकाच्या हातात उपाय आहे : वाहिनी बदलणं. लाखो लोकांनी तो केला आणि ते गटफेल्डकडे गेले. दुसऱ्यावर तसा उपाय नाही. आणि पहिल्याने केलेल्या नुकसानीचं औषध म्हणून दुसरा पुढे येतो, तेव्हा तो हरवलेलं ‘आपण’ परत आणत नाही. कुठला ‘आम्ही’ बोलेल एवढंच ठरवतो. कार्सनच्या काळातही हे ठरवलं जात होतंच. सीगरचं कापलेलं गाणं त्याचा पुरावा आहे.

२३ सप्टेंबरला किमेल परतला. ६० लाखांहून अधिक लोकांनी तो भाग पाहिला, त्याच्या नेहमीच्या प्रेक्षकसंख्येच्या कित्येक पट. एका तरुणाच्या हत्येची थट्टा करण्याचा हेतू कधीच नव्हता, हे सांगताना त्याचा आवाज भरून आला. मग त्याने त्याला न मानणाऱ्यांचे आभार मानले. त्यांत टेड क्रूझ होते. या रिपब्लिकन सिनेटरची किमेलने वर्षानुवर्षं टर उडवली होती. क्रूझना किमेल आवडत नव्हताच, पण सरकारने असा दम देणं उद्या आपल्यावरही उलटेल, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं होतं. त्या काही मिनिटांचा मराठी अनुवाद करायचा झाला, तर ‘वी’पाशी मला थांबावं लागणार नाही. तिथे ‘आपण’च लिहावं लागेल.

त्या रात्री नेक्स्टार आणि सिंक्लेअर यांच्या केंद्रांनी मात्र कार्यक्रम दाखवला नाही. तो त्यांनी २६ तारखेपासून पुन्हा सुरू केला. ज्या अनेक गावांत टीव्हीवर किमेल ऐकू आला नाही, त्यांतल्या कितीतरी घरांत क्रूझना मानणारे लोक राहतात. आभार त्यांच्याच बाजूच्या माणसाचे मानले जात होते, आणि त्या वेळी तिथे दुसरंच काहीतरी चालू होतं.